कडू झुडपाची वाट

मित्रांनो, मी एक म्हातारी उंटीण आहे. माझे गुडघे झिजलेत आणि चार दातही पडलेत. तुम्ही ‘उंटावरचा शहाणा’ म्हणून हसता, पण खालच्या उंटाला काय कळतं, हे सहसा कोणी विचारत नाही. एका बाईंनी मात्र विचारलं होतं.

तरुणपणी मी मिठाच्या गोण्या वाहायचे. उठून-बसून गुडघे सुजले की वाट सोडून वाळूच्या टेकडीवर चढायचे. तिथे राखाडी पानांचं एक काटेरी झुडूप उगवायचं. पाला इतका कडू, की जीभ आखडून जायची. तरी चार घास खाल्ले की दोन दिवसांत सूज उतरायची. माझी आईही हेच करायची. माझा धनी आधी चिडायचा. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो बाजारभर सांगत सुटला. लोकांनी त्याला वेड्यात काढलं.

गावाबाहेर एक संशोधन केंद्र होतं. तिथल्या एक बाई वनस्पतींमधली औषधी द्रव्यं शोधायच्या. धन्याची गोष्ट त्यांच्या कानावर गेली. वीस दिवस त्या उन्हातान्हात माझ्यामागे चालल्या. मी काय खाते, सूज कधी उतरते, सगळं वहीत टिपत राहिल्या. पुढे पाल्याची पोती मीच केंद्रात पोहोचवू लागले. खिडकीतून आतलं दिसायचं. काचेच्या चंबूत पाला उकळायचा आणि शेवटी तळाशी पिवळसर थर उरायचा. पोतंभर पाल्यातून चिमूटभर भुकटी निघायची. ती दिल्यावर सुजलेल्या पायांचे उंदीर पुन्हा धावू लागले, त्या दिवशी बाई बाहेर आल्या आणि माझ्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. केंद्राच्या भिंतीवर माझा फोटो लागला.

धन्याची लेक मागावर गालिचे विणायची. तिची बोटं सांध्यांत सुजून वाकडी होत चालली होती. धनी रोज बाईंना औषधाचं विचारायचा.

“दादा, त्या पाल्यात औषधाबरोबर विषही आहे,” एकदा बाई म्हणाल्या. “उंटाला ते पचतं, माणसाला नाही. दोन्ही वेगळी करायला अजून काही वर्षं लागतील. तुम्हाला खोटी आशा लावणार नाही मी.”

पण बापाचं काळीज ते! दुसऱ्याच सकाळी त्याने मला टेकडीवर नेलं, कुदळीने झुडपं मुळासकट उपटली आणि घरी काढा उकळला. दुपारपर्यंत लेकीला उलट्यांवर उलट्या सुरू झाल्या. तिला दवाखान्यात नेलं ते माझ्याच पाठीवरून. नऊ दिवसांनी ती घरी आली. बोटांची सूज होती तशीच होती.

ती मरता मरता वाचली, हे कोणी ऐकलं नाही. औषध सापडलं, एवढंच सगळ्यांनी ऐकलं. कुदळी घेऊन माणसं आली आणि एका मोसमात टेकडी बोडकी झाली. पाला संपला तसं बाईंचं कामही थांबलं.

तेव्हापासून वारा टेकडीकडून आला की मी नाक वर करायचे. नुसती वाळूच हुंगायला मिळायची. किती वेळा दावं तोडून वर गेले! पायांना वाट पाठ होती, पण वाटेच्या टोकाला काहीच नसायचं.

बाईंनी थोडं बी जपून ठेवलं होतं. एक दिवस लेक त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, “विणायला हात चालत नाहीत, बाई. पण पाणी घालायला चालतील.” दोघींनी डब्यांत रोपं वाढवली. काही जळाली, काही तगली. दोन वर्षांनी, गेल्या महिन्यात, चाळीस रोपं टेकडीवर लावली. खड्डे धन्याने खणले.

मी जवळ गेले. तोच कडवट वास! मान आपसूक खाली गेली. लेकीने वाकड्या बोटांनी माझा ओठ हलकेच बाजूला सारला. “थांब गं,” ती म्हणाली, “अजून लेकरू आहे ते.”

गुडघे ठणकत होते. तरी मी थांबले.

मित्रांनो, बाईंचं काम पुन्हा सुरू होईल. लेकीच्या बोटांना वेळेत औषध मिळेल की नाही, मला माहीत नाही. तुम्ही कधी आमच्या गावाकडे आलात तर टेकडीवर जरूर या, वाकून बघा, हवं ते विचारा. फक्त येताना कुदळ आणू नका.