शीव स्वयंपाकघरातून जाते

क्लाइव्ह टॅपसेल गालिचे बसवायचा. एल्डरफोर्ड गावातल्या निम्म्या जिन्यांवर आणि जवळजवळ सगळ्या दंतवैद्यांकडे त्याचाच गालिचा. मोजमापाला पक्का. मनात राग असला तर माणूस गावभर बोंबलतो. क्लाइव्ह टेप घेऊन मोजायला जायचा.

त्याचा थोरला, रॉस, तीन वर्षांपूर्वी ग्रामर शाळेच्या परीक्षेत दोन मार्कांनी राहिला. या शाळेला फी नाही. अकराव्या वर्षी परीक्षा द्यायची, यादीत वर आलात तर आत, नाहीतर टेकडीपलीकडची शाळा. रॉसला काडीचं वाईट वाटलं नाही, कारण टेकडीपलीकडच्या शाळेत ड्रम होते. वाईट वाटलं ते क्लाइव्हला. त्याने एक दिवस सुट्टी काढली आणि सकाळी स्टेशनवर जाऊन उभा राहिला. सात बावन्नच्या गाडीतून ग्रामर शाळेच्या पहिल्या वर्षाचा हिरवा कोट घातलेली त्रेसष्ट मुलं उतरली. सगळी लंडनकडची. खात्री करायला तो दुसऱ्या दिवशीही गेला. तेव्हा बासष्ट होती, एकाला बहुधा सर्दी झाली असावी.

वर्षाला एकशेवीस जागा, त्यातल्या निम्म्या गाडीतून उतरतात, आणि गावातली पोरं टेकडी चढतात. हे क्लाइव्हच्या डोक्यातून जाईना. त्याने मोहीम काढली. सह्या गोळा केल्या, पत्रकं वाटली, आणि शाळेने शेवटी जाहीर सभा बोलावली.

सभेला लंडनहून एक आई आली होती, मिसेस योगराजा. तिची मुलगी रोज साडेपाचला उठून ती गाडी पकडायची. धाकटीचा नंबर यायचा होता.

"तुमच्याकडे शाळा नाहीत का हो?" क्लाइव्हने तिला विचारलं.

"आहेत की," ती म्हणाली. "त्या बघितल्यात म्हणूनच इथे येते."

लोक हसले. क्लाइव्ह हसला नाही.

"परीक्षा घेता ना तुम्ही? मग मार्क बघा," ती पुढे म्हणाली. "घर कुठे ते बघायचं असेल तर परीक्षेचं नाटक कशाला? सरळ टेप घेऊन मोजा."

"मोजू," क्लाइव्ह म्हणाला. त्याला ती सूचना मनापासून आवडली होती.

नियम त्यानेच लिहून दिला. नव्वद जागा गावच्या शिवेच्या आत राहणाऱ्या, परीक्षा पास झालेल्या मुलांना. उरलेल्या तीस बाहेरच्यांना, मार्कांप्रमाणे. आता शीव कुठली, इथे घोडं पेंड खात होतं. नगरपालिकेची हद्द धरली तर स्टेशनजवळच्या नव्या इमारती आत येत होत्या, आणि तिथे लंडनची माणसं प्रवेशासाठी वर्षभर भाड्याने येऊन राहतील हे पोरालाही ठाऊक. म्हणून क्लाइव्हने चर्चची जुनी शीव सुचवली, १८४१च्या नकाशातली. त्या काळी स्टेशनच नव्हतं. शिवाय खोट्या पत्त्यांचा बंदोबस्त म्हणून एक कलम टाकलं: मूल शाळेच्या दिवसांत रात्री जिथे खरोखर झोपतं, तेच त्याचं घर.

फेब्रुवारीत नियम मंजूर झाला. क्लाइव्हने घरी येऊन बायकोला, रोवेनाला, कडेवर उचलायचा प्रयत्न केला आणि त्याची कंबर धरली.

हे सगळं आता धाकट्या टिल्डासाठी होतं. ती दहा वर्षांची होती आणि तिला त्या शाळेत जायचं होतं. बापामुळे नाही. शाळेच्या गच्चीवर दुर्बीण होती. शाळा बघायच्या दिवशी कुणीतरी तिला त्यातून चंद्र दाखवला होता, आणि तेव्हापासून तिला अभ्यासाला बस म्हणून सांगावं लागत नव्हतं.

मे महिन्यात गावाने शीव झोडपायचं ठरवलं. प्रथा जुनी, पण तीस वर्षं बंद पडलेली. चर्चमधल्या लोकांनी विलोच्या काठ्या घेऊन गावच्या सीमेवरून चालायचं, सीमेचा दगड आला की त्याला झोडपायचं. पूर्वी दगडावर पोरांचं डोकं आपटायचे, म्हणजे शीव कुठे ते त्यांना जन्मभर आठवावं. आता नियम बदललेत, फक्त काठी. नव्या शिवेचा मान म्हणून क्लाइव्ह सगळ्यांच्या पुढे. जॉइस पाद्रीबाई नकाशा घेऊन, तेवीस माणसं, दोन कुत्री, आणि गावच्या साप्ताहिकाचा फोटोवाला.

पहिला दगड सुपरमार्केटच्या कचऱ्याच्या डब्यांमागे सापडला. दुसरा एकाने बागेत पक्ष्यांना पाणी ठेवायला वापरला होता. तिसऱ्यापासून नकाशात लिहिलं होतं, 'ओढ्याच्या मध्यावरून'.

"ओढा कुठाय?" जॉइसबाईंनी विचारलं.

ओढा १९०३ साली पाइपात घातला होता. मग त्याच्या झाकणांचा माग काढत निघाले. एक झाकण रस्त्यात, एक बॅरी फनेलच्या गॅरेजसमोर, आणि पुढचं क्लाइव्हच्या फुलांच्या वाफ्यात. या झाकणावर तो नऊ वर्षं कुंडी ठेवत आला होता.

जॉइसबाईंनी नकाशा उभा धरला, आडवा धरला, फोनशी ताडून पाहिला.

"क्लाइव्ह, वाईट वाटून घेऊ नकोस. शीव तुझ्या स्वयंपाकघरातून जातेय."

"कुठून?"

"फ्रीजच्या जरा अलीकडून."

सगळे आत आले. मागचा दरवाजा, सिंक आणि फ्रीज गावात होते. गॅसची शेगडी, जिना, बैठक आणि वरच्या तिन्ही खोल्या गावाबाहेर. बॅरी फनेल मागच्या कुंपणापलीकडचा शेजारी, तो पूर्ण गावात. तो म्हणाला, "म्हणजे चहा बाहेर उकळतो आणि दूध गावात राहतं!" तेवीसच्या तेवीस माणसं हसली. दगड नसल्यामुळे काय झोडपायचं हा प्रश्न आला, तेव्हा टिल्डाने पुढे होऊन फ्रीजला तीन काठ्या मारल्या. तो फोटो साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर आला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या रात्री क्लाइव्हने पाइप, झाकणं आणि नकाशा यांवरून घर पुन्हा मोजलं. टिल्डाची खोली शिवेपासून अकरा फूट चार इंच बाहेर होती.

"दोन गल्ल्या सोडून भाड्याने खोली घेऊ या का?" रोवेनाने विचारलं.

"लंडनवाल्यांसारखी?"

"मग काय करणार आहेस?"

"पलंग खाली आणतो."

"क्लाइव्ह, ते स्वयंपाकघर आहे."

"मूल जिथे झोपतं ते त्याचं घर. नियमात लिहिलंय."

"तूच लिहिलंयस."

"म्हणून तर मला माहितेय."

पलंग खाली आला. फ्रीज आणि मागचा दरवाजा यांच्यामध्ये बरोबर बसला. या कामात क्लाइव्हचा हात धरणारा कुणी नव्हता. टिल्डा पहिले चार दिवस हौसेने झोपली. पाचव्या रात्री फ्रीज घरघरायला लागला आणि ती उशी घेऊन वर गेली. सहाव्या रात्रीही गेली. सकाळी क्लाइव्ह खालच्या पलंगावरची चादर चुरगळून ठेवायचा. यात आपण काही खोटं करतोय असं त्याला वाटत नव्हतं. आपण गावातलेच आहोत, नकाशाला कळत नाही, एवढंच.

सप्टेंबरात परीक्षा झाली. ऑक्टोबरात निकाल आला, टिल्डा पास, आणि मार्क असे की क्लाइव्हने तो कागद गाडीत ठेवला आणि ज्याच्या ज्याच्या घरी गालिचा बसवायला गेला त्या प्रत्येकाला दाखवला.

जानेवारीत शाळेच्या प्रवेश विभागातून मिसेस क्विनेल आल्या. फोटो त्यांनीही पाहिला होता. त्यांनी पलंग पाहिला, फ्रीज पाहिला, चहा नको म्हणाल्या आणि टिल्डाकडे वळल्या.

"तू रात्री कुठे झोपतेस, बाळ?"

क्लाइव्हने मुलीला काय सांगायचं ते पढवलं नव्हतं. पढवावं लागणं म्हणजे लबाडी आहे असं कबूल करणं, आणि तेवढं करायची त्याची तयारी नव्हती.

"वर, माझ्या खोलीत," टिल्डा म्हणाली. "हा पलंग शाळेसाठी आहे."

मिसेस क्विनेलनी ते लिहून घेतलं. जाताना क्लाइव्हला म्हणाल्या, "मिस्टर टॅपसेल, तुमचं ते झोपण्याचं कलम फार उपयोगी पडतं हो आम्हाला. यंदा नऊ जण सापडले." मग थोडं थांबून म्हणाल्या, "दहा."

एक मार्चला ईमेल आला. सगळ्या मुलांत टिल्डा एक्केचाळिसावी. बाहेरच्या मुलांत सदतिसावी. बाहेरच्यांसाठी जागा तीस. तिला टेकडीपलीकडची शाळा मिळाली होती.

क्लाइव्हने ईमेल दोनदा वाचला. जुन्या नियमाने एकशेवीस जागा होत्या आणि ती एक्केचाळिसावी होती. यात मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. रॉसच्या वेळी राग आला होता, तो कुणावर तरी काढता येत होता. आता तो कुणावर काढायचा तेच कळेना.

तेवढ्यात मागच्या कुंपणावरून बॅरीने हाक मारली. त्याच्या हातात केक होता.

"अरे क्लाइव्ह! आमच्या डॅरिलला मिळाली! एकशे त्र्याण्णवावा होता रे, जेमतेम पास. तुझा नियम नसता तर पोरगं टेकडी चढलं असतं. तुझे उपकार कसे फेडू सांग!"

"अभिनंदन," क्लाइव्ह म्हणाला.

"टिल्डाचं काय झालं?"

"बाहेरची ठरली."

बॅरीचा चेहरा पडला. त्याला खरंच वाईट वाटलं, पण जागा परत करण्याइतकं नाही, आणि तशी कुणी अपेक्षाही केली नव्हती. त्याने केक तसाच कुंपणावरून दिला आणि घरात गेला.

क्लाइव्ह केक घेऊन आत आला. टिल्डा त्या पलंगावर बसली होती. तिने ईमेल वाचला होता, आणि डोळे पुसून झाले होते.

"मी त्या बाईंना खरं सांगितलं म्हणून ना?"

त्याला नाही म्हणायचं होतं. पण अकरा फूट चार इंच त्याने स्वतः मोजले होते.

"त्यामुळेही," तो म्हणाला.

"मग माझं चुकलं?"

"नाही."

"मग तुझं चुकलं."

ती विचारत नव्हती. क्लाइव्हने केक फ्रीजवर ठेवला.

"हो. माझं चुकलं. फार वाईट वाटतंय मला, टिल्डा."

टिल्डाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नाही, एखादं माप नीट बसत नसलं की तो स्वतः बघायचा तसं.

"तुला वाटून काय उपयोग, बाबा?" ती म्हणाली. "जायचं मला होतं."