अकरा ग्लास फेस

माणसाच्या प्रगतीचा इतिहास म्हणजे मुळात जागा वाचवण्याचा इतिहास, असं जावयाचं ठाम मत होतं. हे मत बाळगायला त्याला स्वतःला जी जागा मिळाली होती, ती सासऱ्यांच्या व्हीलचेअरच्या वर्कशॉपमधल्या चाकांच्या ढिगामागे. तिथे बसून आठ महिन्यांत त्याने एक यंत्र बनवलं. रेल्वेच्या डब्यात दोन सीटांच्या मधे बसणारं, नळ सोडला की थंडगार बिअर देणारं. हॉटेलात ह्या कामाला अख्खी भिंत लागते. जावयाचं यंत्र जेमतेम सुटकेसएवढं होतं.

सासरे म्हणाले होते, "रेल्वेत खानपान चालवणाऱ्या कंपनीची चाचणी पास झाली तर वर्कशॉप तुमच्या ताब्यात. काय हवं ते बनवा. नाही झाली, तर सोमवारपासून व्हीलचेअरच्या ब्रेकवर बसायचं, आणि यंत्राचं नाव काढायचं नाही." सासरे मोजकं बोलत आणि बोललेलं फिरवत नसत.

त्यांची आणखी एक अट होती: दारूचा थेंब उंबरठ्याच्या आत येणार नाही. जावई स्वतः पीत नव्हता, मेहुणा बापाच्या धाकाने पीत नव्हता, त्यामुळे अट कुणाला जाचली नाही. आठ महिने यंत्रात सोडा भरून चाचण्या झाल्या. मेहुण्याने यंत्र जुन्या वॉशिंग मशीनवर बांधून तासन् तास हादरवलं. सोडा गुणी मुलासारखा ग्लासात उतरत राहिला.

बिअरची आणि यंत्राची पहिली भेट झाली ती चाचणीच्या दिवशीच, धावत्या गाडीत. कंपनीच्या परीक्षक बाई पुढच्या स्टेशनवर चढणार होत्या. तोवर पंचवीस मिनिटं हातात होती. जावयाने नळ सोडला.

ग्लासभर फेस आला.

"बसेल खाली," मेहुणा म्हणाला.

दोघं ग्लासाकडे बघत राहिले. फेस सावकाश बसला आणि तळाशी दोन बोटं बिअर उरली. जावयाने दुसरा ग्लास भरला. मग तिसरा. चौथ्याच्या वेळी गाडीने रूळ बदलला आणि नळ नुसताच फुसफुसला. तरी जावई भरत राहिला; दहा ग्लास झाले, दहाही फेसाचे.

"दाजी, तुम्ही तर म्हणाला होतात सगळं तपासलंय."

"सोड्यावर तपासलंय. सोडा फेस धरून ठेवत नाही."

"आणि बिअर ठेवते, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"तुला होतं?"

घरात एकालाही माहीत नव्हतं, आणि आजवर ही अभिमानाची गोष्ट होती.

नवा डबा असल्यामुळे बेसिन अजून सीलबंद होतं, ओतून द्यायला जागा नव्हती. फेसाचे ग्लास ओळीने मांडलेले बाईंनी बघितले असते तर चाचणी तिथेच आटोपली असती. मेहुण्याने पहिला ग्लास उचलून तोंडाला लावला.

"काय करतोस?"

"पुरावा नष्ट करतोय. बाबांना सांगू नका. कडू आहे हो हे."

जावयाचं लक्ष नव्हतं. त्याने झाकण उघडून आत डोकं घातलं होतं. पिंपात गॅसचा जोर होता, आणि पिंपापासून नळापर्यंतची नळी होती वीतभर. जागा वाचवायला त्यानेच ती छाटत छाटत वीतभर केली होती, आणि प्रत्येक वेळी बायकोला अभिमानाने मोजून दाखवली होती. जोर जिरायला लांब, बारीक नळी लागते. ती नसली की सगळा गॅस ग्लासात येऊन उसळतो.

"मग गॅस कमी करा ना."

"कमी केला तर पिंपातच फेस होईल. लांब नळी पाहिजे. चार मीटर. आत्ता."

मेहुण्याने दहावा ग्लास रिकामा करून खाली ठेवला आणि शांतपणे कोपऱ्याकडे बोट दाखवलं. यंत्राचा खोका घरून आणताना त्याला दोरी सापडली नव्हती. त्याने खोका नव्या बारीक नळीच्या वेटोळ्यानेच आवळून बांधला होता, आणि त्याबद्दल सकाळी बोलणी खाल्ली होती.

तेरा मिनिटं उरली होती. जावयाने गॅस बंद केला, जुनी नळी ओढून काढली; उरलेल्या जोराने त्याचा शर्ट छातीपासून पोटापर्यंत भिजला. नवी नळी घरून आणलेल्या, उकळून थंड केलेल्या पाण्याने धुतली. पिंपाभोवतीचा अर्धा बर्फ काढून त्या जागी नळीची वेटोळी बसवली. शेवटचा क्लॅम्प घट्ट करताना स्क्रू निसटला आणि सीटखाली घरंगळत गेला. मेहुणा पालथा पडून शोधू लागला.

"सापडला?"

"दोन दोन दिसतायत."

"त्यातला खरा उचल."

गाडीचा वेग कमी होत होता. स्क्रू हातात आला, बसला, गॅस सोडला. नव्या नळीतला पहिला, म्हणजे एकूण अकरावा, ग्लास निम्मा फेसच निघाला आणि मेहुण्याच्या पोटात गेला; तो पिऊन मेहुणा पुन्हा सीटखाली कलंडला. बारावा भरून बघायला वेळ मिळाला नाही. बाई दारात उभ्या होत्या.

बाईंच्या हातात फाइल होती आणि चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांनी जावयाचा ओला शर्ट बघितला, सीटखाली पालथा पडलेला मेहुणा बघितला.

"हे कोण?"

"तांत्रिक सहायक. खालचे बोल्ट तपासतायत."

"बोल्ट मस्त आहेत," सीटखालून आवाज आला.

गाडीने वेग धरेपर्यंत बाई थांबल्या. मग नळ त्यांनी स्वतःच सोडला. सोनेरी धार काचेला चिकटून खाली उतरली. डबा एकदा जोरात हिंदकळला. धार तुटली नाही. ग्लास भरला आणि वर दोन बोटं फेस राहिला, आखून काढल्यासारखा.

बाईंनी घड्याळ बघितलं, ग्लास उजेडात धरला, एक घोट घेतला आणि फाइलवर सही केली.

घरी सासऱ्यांनी सहीचा कागद दोनदा वाचला, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर सरकवला आणि झोपायला गेले. जावयाने आठवड्याभरात व्हीलचेअरचं काम बंद केलं, चाकं विकली, पत्र्याची मोठी खेप मागवली आणि ऑर्डरची वाट बघत बसला.

महिन्याने पत्र आलं. यंत्र पसंत होतं. कंपनीकडे खानपानाचा डबा एकच होता, आणि त्यात ते आधीच बसवलेलं होतं.