न वाजणारी पिपाणी

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की मऊ लागलं.

मी टेकले तेव्हा समोरून कडक, गुळगुळीत, ओळखीचा स्पर्श यायला हवा होता. तो आला नाही. आलं ते काहीतरी ऊबदार आणि दबणारं. काहीतरी चुकत होतं. पण मला तोंड असून बोलता येत नाही, हीच तर माझी सगळी रड आहे.

मी एक पिपाणी बोलतेय. दचकू नका, मी वाजत नाही. करंगळीएवढी रबराची नळी आणि तिच्या टोकाला वाटाणा मावेल एवढी वाटी, बस्स, एवढाच माझा पसारा. पाकिटावर माझं नाव 'प्लंजर' असं छापलेलं होतं. पण दवाखान्यात कुणीतरी कधीतरी पिपाणी म्हणालं आणि तेच नाव चिकटलं. चिकटणं तसं आमच्या रक्तातच आहे.

माझं काम एकच, डोळ्यात बसवलेली स्क्लेरल लेन्स बाहेर काढायची. ही लेन्स साध्या लेन्ससारखी बुबुळावर बसत नाही. ती असते नाण्याएवढी मोठी आणि वाटीसारखी खोल. बुबुळाला न शिवता ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, आणि मधल्या पोकळीत सलाइनचं इवलंसं तळं राहतं. ज्यांच्या बुबुळावरचा पडदा वेडावाकडा झालाय, चष्मा ज्यांच्यापुढे हात टेकतो, त्यांना या तळ्यातून जग सरळ दिसतं. ती लेन्स डोळ्यात बसवते माझी थोरली बहीण, दुसरी पिपाणी. तिची वाटी मोठी, स्वभाव शांत. लेकीला सासरी पोचवायची थोरलीने, आणि माहेरी परत आणायची मी.

मी एका साच्यातून निघाले, माझ्यासारख्याच शेकडो जणींबरोबर. तेव्हाचं मला फारसं आठवत नाही. नीट आठवतं ते दवाखान्यातल्या जिन्याखालच्या खोलीपासून. तिथे एक टेबल, टेबलावर आडवा ठेवलेला आरसा, शेजारी टिश्यूंचा डबा आणि खुर्चीत लेन्सताई. खरं नाव कुणी घेतच नसे. नव्या माणसांना लेन्स घालायला शिकवणं हे त्यांचं काम. स्वतःच्याही दोन्ही डोळ्यांत तसल्याच लेन्स.

"हनुवटी छातीला लावा. आरशात बघा. लेन्स काठोकाठ भरा, सांडली तर सांडू दे. बुडबुडा राहिला की परत पहिल्यापासून."

त्या टेबलावर मी माणसं फार जवळून पाहिली. सहा फुटी बसचालक, आयुष्यभर घाटात गाडी चालवलेला, लेन्स पापणीजवळ आली की डोळा गच्च मिटून घ्यायचा. चौदा वेळा. शेवटी स्वतःवरच वैतागून म्हणाला, "ताई, समोरून ट्रक आला तरी मी डोळा मिटत नाही हो." ताई म्हणाल्या, "मग हिला ट्रक समजा." पंधराव्या वेळी बसली.

आणि मग आली ती. आईबरोबर. कॉलेज संपलेलं, हातात वही, आणि दार वाजलं तरी खुर्चीतून अर्धी उठणारी. पहिल्याच दिवशी टिश्यूंचा डबा खाली पडला तर तिने अशी किंकाळी फोडली की बाहेरचा शिपाई धावत आला. तेव्हापासून ताई तिला दचकू म्हणू लागल्या. लाडाने, पण अगदी अचूक.

तिच्या उजव्या बुबुळावरचा पडदा दोन वर्षांपूर्वी बदललेला होता. तो तिचा नव्हता. कुणीतरी जाताना नेत्रदानात मागे ठेवून गेलेला. तो डोळा तिचा शहाणा डोळा. डाव्याला लेन्स घालूनही मोठी अक्षरंच दिसायची. वाचणं, लिहिणं, रस्ता ओलांडणं, नव्याने लागणारी नोकरी, सगळं त्या उजव्याच्या जिवावर.

आईने हात जोडून सांगितलं, "बाई, डोळ्यात तेल घालून जपेल हो ती."

"तेल नको काकू," ताई घाईने म्हणाल्या, "सलाइनच घाला."

सगळे हसले. दचकूसुद्धा. मग ताईंनी मला उचललं आणि त्यांचा आवाज बदलला.

"आता नीट ऐक. ही पिपाणी लेन्सला लावायची, डोळ्याला नाही. हिला दोन्हींतला फरक कळत नाही, ही दिसेल त्याला धरते. लेन्स आत नसताना लावलीस आणि ओढलीस, तर बदललेला पडदा जोडावरून उसवेल. आणि तुझ्या त्या पडद्याला दुखणं उशिरा कळतं, म्हणजे डोळा ओरडून सांगेल या भरवशावर राहू नकोस. म्हणून आधी लेन्स आत आहे याची खात्री, मग पिपाणी."

दचकूने ते शब्द वहीत लिहून घेतले. खाली दोन रेघा मारल्या. त्या दिवशी ताईंनी मला एका छोट्या डबीत घालून तिच्या हवाली केलं. मी नाराज नव्हते. कुणाचीतरी असणं वेगळंच असतं.

पहिले आठ दिवस बरे गेले. आई समोर बसायची, श्वास रोखून. दचकू चुकायची, पुन्हा करायची. लेन्स माझ्या वाटीला चिकटून बाहेर आली की दोघी मायलेकी अशा बघायच्या, जणू मी विहिरीतून घागर काढलीय.

आज नववा दिवस. आई शेजारच्या इमारतीत कुणाला तरी बघायला गेलीय, "आलेच दहा मिनिटांत" म्हणून. आईची दहा मिनिटं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. लेन्स काढायची वेळ झाली. दचकूने टेबलावर टॉवेल पसरला, आरसा आडवा ठेवला. डावी लेन्स आधी काढली, डबीत ठेवली, झाकण लावलं. सगळं रीतसर. मग उजवी.

मी खालच्या काठाला टेकले. लेन्स कडक लागली. मी धरली. दचकूने मला अलगद पुढे झुकवलं, लेन्सची खालची कड सुटली, आणि नेमकी त्याच क्षणी दाराची घंटा वाजली.

ती दचकली. हात उडाला. लेन्स माझ्या वाटीवरून निसटली, सलाइनच्या पाण्याबरोबर गालावरून घरंगळली आणि टॉवेलच्या घडीत जाऊन पडली. पांढरा टॉवेल, पारदर्शक लेन्स. मला तिचं वजन सुटल्याचं कळलं. दचकूला कळलं नाही. तिला वाटलं, पिपाणीच सुटली.

"छे, पिपाणी सुटली," ती पुटपुटली. "कोण आहे? नंतर या!"

दारातलं माणूस निघून गेलं. तिने गाल पुसला. आरशात डोकावली, पण आता दोन्ही डोळ्यांपुढे धुकं. लेन्स दिवसभर घातली की संध्याकाळी आतलं पाणी गढूळ होतं, हे तिला शिकवलेलं होतं. तिने धुक्याचा तोच अर्थ लावला. आणि पुन्हा मला डोळ्याला टेकवलं.

तेव्हा मऊ लागलं.

मी नीट धरलंच नाही. थोडी कोरडी होते, म्हणून सुटले. नशीब.

"निघतच नाही," ती म्हणाली. "घट्ट बसलीय."

तिने सलाइनचे चार थेंब टाकले. पापणी दाबली. पुन्हा मला टेकवलं, या वेळी जरा जोरात, आणि ओढलं. पडदा किंचित माझ्याबरोबर आला. खरंच आला. मी सुटावं म्हणून किती तळमळले, पण मला सोडता येत नाही, फक्त सुटता येतं. शेवटी कडेतून हवा शिरली आणि मी सुटले. तिला फक्त चुरचुरलं.

तिने वही ओढली. पानं उलटली. नाकाला लावली, दिव्याखाली धरली. त्या दोन रेघा मारलेल्या ओळी तिथेच होत्या, पण तिला शाईचे डाग तेवढे दिसत होते. लेन्स कशी काढायची ते वाचायला लेन्स लागत होती.

"आई..." तिने मोबाइल डोळ्याशी नेऊन चाचपडत आईला फोन लावला. आईचा फोन आतल्या खोलीत वाजला. तो चार्जिंगला होता.

मग लेन्सताईंना. रिंग गेली, गेली, संपली. पुन्हा. पुन्हा संपली. दवाखाना कधीच सुटलेला असणार. त्या रस्त्यात असतील, भाजी घेत असतील, फोन पर्सच्या तळाशी असेल. माणसाचा फोन नेमका तेव्हाच तळाशी जातो.

"आता काय करू," ती मोठ्याने म्हणाली. "रात्रभर राहिली आत तर?" तिने वही बाजूला सारली. "शेवटचं एकदा. नीट ओलं करून."

इथे मला तुमच्याशी दोन शब्द बोलू द्या, कारण मग कदाचित वेळ मिळायचा नाही. मी डोळ्यांच्या कामाची, पण मला डोळे नाहीत. मला धरता येतं, चूक कळली तरी सोडता येत नाही. आणि तुम्हा माणसांची एक खोड मी पाहिलीय: काही अडलं की तुम्ही जोर वाढवता. दार अडलं, जोर. झाकण अडलं, जोर. काय अडलंय, मुळात काही अडलंय का, हे हात थांबवून बघत नाही. भीती वाटली की तर मुळीच नाही. कृपा करून माझ्यासारख्या मुक्या वस्तूच्या भरवशावर जोर लावू नका. आम्ही चांगल्या आहोत, पण अडाणी आहोत.

दचकूने मला सलाइनमध्ये बुडवलं. पुरतं. आता माझी पकड पक्की होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची लाज वाटत होती. तिने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, ताईंना तिसऱ्यांदा लावला, आणि रिंग वाजत असतानाच डाव्या हाताने पापण्या फाकल्या. हनुवटी छातीला. सगळं शिकवल्याबरहुकूम.

रिंग.

माझं पोट तिच्या चिमटीत दबलं. आतली हवा बाहेर गेली. एकदा टेकले की ती बोटं सैल सोडेल, आणि मी धरेन. माझ्या मनात असो वा नसो.

रिंग.

समोर तो डोळा. इतक्या जवळून मला गोल जोड जाणवत होता, आणि त्या जोडाच्या आतला कुणाचातरी शेवटचा ठेवा. केसाएवढं अंतर राहिलं.

रिंग.

"हॅलो? अगं, किती फोन! मी गाडीवर होते. बोल."

तिचा हात जागच्या जागी राहिला. तिने नाक ओढलं.

"दचकू? रडतेयस का? काय झालं?"

"ताई, उजवी निघत नाहीये. तीनदा ओढली. अजून एकदा ओढतेय..."

मग ताईंचा आवाज आला. हळू, एकेक शब्द सुटा, झोपलेल्या बाळाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा.

"नको ओढूस. पिपाणी आत्ता कुठे आहे?"

"हातात."

"टेबलावर ठेव ती. मी इथेच आहे, फोन ठेवत नाही. ठेवलीस?"

तिने मला टेबलावर टेकवलं आणि चिमटी सैल झाली.

"ठेवली, ताई."