चार बोटं खाली

मी पंजाबरावांची गाडी बोलतेय. दोन दारं, लांब नाक आणि मागे नावापुरती सीट. माझ्या जमान्यात मला स्पोर्ट्‌स कार म्हणायचे. आता चिखलीतली माणसं म्हणतात, "ही अजून चालते का बे?" चालते बाबांनो. पण दमले आहे.

पाटबंधारे खात्यात नोकरी लागल्यावर पंजाबरावांनी मला नागपूरच्या एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली. घरातली पहिली सायकल त्यांनीच आणली होती, पहिली मोटारही त्यांनीच. थोरली बहीण सिंधूताई माहेरी आली की तिला परत सासरी, उंद्रीला सोडायला मीच जायची. ती सीटवर मांडी घालून बसायची. पंजाबराव रागवायचे, "बाई, पाय खाली सोड." ती ऐकायची नाही.

मग सिंधूताईच्या लेकीचं, सारिकेचं लग्न निघालं. मांडवात माईकवर पाहुण्यांची नावं घ्यायची इकडे रीत आहे. सरपंच झाले, सोसायटीचे चेअरमन झाले, कुठले कुठले व्याही झाले, आणि सख्ख्या मामाचं नाव राहून गेलं. मुद्दाम कुणी गाळलं नव्हतं. माईकवाल्याच्या लक्षातच आलं नाही. पंजाबराव न जेवता उठले, माझ्यात येऊन बसले आणि निघाले. त्यानंतर त्यांनी उंद्रीचं तोंड पाहिलं नाही. तिनं निरोप धाडले, यांनी ऐकून सोडून दिले. माणसांचं हे मला कधी कळलं नाही. माझं इंजिन तापलं तर घटकाभरात निवतं.

पुढे त्यांचे गुडघे गेले आणि किल्ली मुलाकडे, चंद्रशेखरकडे आली. पोरगा मायाळू, पण त्याला मोबाइलवरच्या गाड्यांचं वेड. माझ्यासारखीच एखादी जमिनीला टेकलेली पाहिली की त्याला झोप येत नसे. शेवटी त्यानं माझ्या स्प्रिंगा कापून घेतल्या. मी तीन बोटं खाली आले.

मग टायरचा घोळ सुरू झाला. चंद्रशेखरचा वर्गमित्र धम्मरत्न याचं मेहकर रस्त्याला टायरचं दुकान आहे. तिथं मला उभी करून दोघं वाद घालत आणि चहाला आलेला प्रत्येक जण आपली अक्कल पाजळत असे.

"पहिलेचे उंच टायर टाकले तर वळतानी मडगार्डले घासतीन," धम्मरत्न म्हणाला.

"मंग रुंद अन्‌ बुटके टाकू. दिसतीनही भारी."

"दिसतीन. पन गाडी अजून बोटभर खाली जाईन."

"जाऊ दे ना बे."

गेले. एकूण चार बोटं. सगळ्यांनी मला बाहेरून पाहून टायर ठरवले. आत बसणाऱ्याला कुणी विचारलं नाही. प्रत्येक गतिरोधकावर माझं पोट घासतं, पण ते सोसून घेते. फोटो मात्र छान येतात.

एक दिवस न्याहारी करता करता पंजाबराव म्हणाले, "शेखर, उंद्रीले जाऊ. बाई लय थकली म्हनतेत."

"हाव बाबा. आतेभावाची जीप मागवतो."

"जीप नाही. रुसून निघालो तो इच्यातच निघालो होतो. इच्यातच जाईन."

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. वाटेत पोट किती ठिकाणी खरचटलं, मी मोजलं नाही.

सिंधूताई दारातच उभी होती. पाय धुवायला पाण्याचा तांब्या हातात, मागे सारिका, आजूबाजूला निम्मी आळी. चंद्रशेखरनं दार उघडलं. पंजाबरावांनी पाय बाहेर टाकले, दाराला धरलं, जोर केला आणि परत सीटवर बसले. पुन्हा जोर केला, पुन्हा बसले. चंद्रशेखर हात द्यायला वाकला तर त्यांनी तो झटकला. "चारचौघांत पोत्यावानी उचलू नोको," ते दातांतल्या दातांत म्हणाले. हे फक्त त्यानं ऐकलं आणि मी ऐकलं.

सिंधूताईनं पाहिलं ते एवढंच, की भाऊ दारापर्यंत आला आणि गाडीतून उतरत नाही.

"काऊन रे पंजाब? अजून राग हाये?"

ते मान खाली घालून बसून राहिले. तिनं तांब्या सारिकेकडे दिला आणि पाठ फिरवली. मला वाचा असती तर त्या क्षणी वापरली असती.

"बाई," पंजाबराव म्हणाले. "राग नाही वं. मले उठता येत नाही."

ती वळली. आली, माझ्या दाराशी जमिनीवरच बसली आणि त्यांच्या पायांवर पाणी घातलं. पाय पुसता पुसता रडली. तेही रडले. मग पलीकडून येऊन ती माझ्यात बसली, मांडी घालून. चहा, पोहे, सारिकेची पोरं, सगळं माझ्या दाराशी आलं. पंजाबराव शेवटपर्यंत उतरले नाहीत. लेकाच्या खांद्यावरून घरात जायला ते तयार नव्हते.

निघताना सिंधूताई म्हणाली, "हे येनं मी धरत नाही, पंजाब. उंबरा ओलांडशीन तवा धरीन."

घरी आल्यावर पोर्चमध्ये, कुणी बघत नसताना, लेकानं त्यांना उचलून उतरवलं. त्याला बरेच दिवस झाले. धम्मरत्न सांगून थकला, की स्प्रिंगा मूळच्या बसव, टायर उंच टाक, म्हाताऱ्याला उठता येईल. चंद्रशेखर हो म्हणतो आणि रात्री पुन्हा मोबाइलवर आकडे पाहत बसतो. कोणत्या मापात उंचीही मिळेल आणि ऐटही जाणार नाही, हे त्याचं अजून ठरायचं आहे. मी पोर्चमध्ये उभी आहे. पंजाबराव रोज सकाळी काठी टेकत येतात, माझं दार उघडतात, सीटकडे बघतात आणि लावून टाकतात.

शेखर, माझं रूप राहू दे बाजूला. मी म्हातारी आहे, मला ऐट कशाला हवी? टायर घासले तर घासू दे. पण ठरव लवकर. उंद्रीला एक बाई दाराकडे बघत बसली आहे, आणि तिच्या लेखी तिचा भाऊ अजून आलेलाच नाही.