नावाजलेली शाळा

गणिताचा पेपर नुकताच सुरू झाला होता, तोच पहिला दगड टिनाच्या छपरावर आदळला. ड्रिलमास्तर बाबाराव बंद फाटकाला पाठ लावून उभे होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

त्र्याऐंशीचा मार्च होता. आसपासच्या केंद्रांवर दहावीच्या कॉप्या खिडकीतून राजरोस आत जायच्या. मुलांच्या या सरकारी हायस्कुलात मात्र कुणाची टाप नव्हती. इथून कलेक्टर निघाले, सर्जन निघाले. दूरच्या वडनेरच्या पानठेल्यावरचा माणूसही शाळेचं नाव अदबीनं घ्यायचा. बाबारावही इथलेच विद्यार्थी. शाळेपुढे त्यांना घरदार सुचत नाही, असं त्यांची बायको कांता म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

कॉप्या घेऊन फाटकासमोर जमलेल्या गर्दीतून चंद्रभान पुढे आला. एकेकाळचा शाळेचा हॉकी कॅप्टन. हातात सायकलची चेन.

"सर, बाजूले व्हा. माह्या भावाचं साल वाया जाऊन राह्यलं."

"तू या शायेचा हायेस, चंद्रभान."

"म्हनूनच अजूनई सर म्हनून राह्यलो."

चेन तोंडावर बसली. तुटलेले दात जिभेवर आले. बाबारावांनी वळून फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरले. मग कुणीतरी लोखंडी सळाख गुडघ्यावर हाणली, पुन्हा हाणली. हाड मोडल्याचा आवाज आतल्या पोरांनी ऐकला म्हणतात. बोटं ठेचली तरी त्यांनी गज सोडले नाहीत. पोलिसांची गाडी आली तेव्हा ते रक्तात बसले होते आणि फाटक बंद होतं.

दवाखान्यात हेडमास्तर प्रभाकरराव मोसंब्या घेऊन आले. पुढच्याच महिन्यात शाळेची शताब्दी होती.

"आपल्याच विद्यार्थ्यानं मास्तरांना फोडलं, हे पेपरात आलं तर शंभर वर्षांचं नाव मातीत जाईल, बाबाराव. भिंतीवरून पडलो म्हणा."

"नाव शायेचं, अन् हाडं याईची?" कांता कडाडली. "उचला त्या मोसंब्या!"

बाबाराव छताकडे पाहत राहिले. हेडमास्तरांचा शब्द त्यांनी आजवर मोडला नव्हता. तेवढ्यात पोलीस जमादार जबानी घ्यायला आला.

"चंद्रभाननं मारलं," ते सुजल्या ओठांनी म्हणाले. "आमच्याच शायेचा पोरगा. मीच शिकवला."

प्रभाकरराव मोसंब्या उचलून निघून गेले.

शताब्दीचं बोलावणं आलं नाही. त्या सकाळी बाबाराव शाळेजवळच्या सिंदी मेघेतल्या घरी खाटेवर पडून होते, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. भोंग्यावरची भाषणं घरात ऐकू येत होती. शिस्तीचे गोडवे चालले होते, पण बाबारावांचं नाव कुणी घेतलं नाही. ते त्यांना मारापेक्षा जास्त लागलं. मग शाळेची प्रार्थना सुरू झाली.

"मले उभं कर."

"काऊन? त्याईनं इचारलं तरी का तुमाले?"

"उभं कर म्हनतो ना."

कांतानं शाळेच्या नावानं बोटं मोडली, मग त्यांच्या काखेत हात घालून उचललं. एका पायावर, तिच्या खांद्याच्या आधारानं, बाबाराव प्रार्थना संपेपर्यंत ताठ उभे राहिले. ती रडत होती, पण जागची हलली नाही.