स्टुलावरचं वजन

बायकोने दोन्ही हात काखेत खुपसले आणि ओट्याला पाठ टेकून ती फरशीवर तशीच बसून राहिली.

"हात दे," क्रेन म्हणाला.

"देणार नाही."

"अगं, नुसता धर. ओढत नाही."

"ओळखते मी तुम्हाला. हात हाती आला की ओढणारच तुम्ही."

क्रेन छातीशी उशी कवटाळून स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. लोकांचं घरसामान हलवण्याच्या धंद्यात त्याने चाळीस वर्षं काढली होती, आणि हे नावही धंद्यानेच दिलेलं. एकदा लोखंडी कपाट एकट्याने पाठीवर घेऊन तो चार मजले चढला. सांगता सांगता त्या चाराचे सात झाले, आणि कपाटात मालकाची मांजर झोपली होती, ती वर पोचेपर्यंत जागी झाली नाही, हेही पुढे त्यात आलं. मजल्यांचं सोडा, मांजरीचं खरं मानायला हरकत नाही. त्याची चालच तशी अलगद होती.

अठरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी त्याच्या छातीचं हाड मधोमध उभं कापलं, आतलं हृदयाचं काम उरकलं आणि हाड तारेने पुन्हा बांधून टाकलं. ते जुळेपर्यंत हातांनी उचलणं नाही, ओढणं नाही, ढकलणं नाही. खोकला आला तर उशी छातीवर दाबायची. उठताना हात छातीशी, नाक पायांच्या पुढे, जोर सगळा मांड्यांचा. बायको हे त्याच्याकडून दिवसातून वीसदा करून घ्यायची, कवायतीच्या मास्तरासारखी मोजत. त्याच्या हातात भरलेली किटली दिसली तर ती अशी बघायची की किटलीच गार व्हावी.

आणि आज तीच पडली. घसरली नाही, अडखळली नाही. दोरीवरून ओला कपडा सुटावा तशी उभ्याउभ्या खाली बसली.

"लागलं का?"

"नाही. पायांत जीवच नाही. येईल आता."

लेकीला फोन केला तर उचलला नाही. तिच्या कारखान्यात पाळी सुटेपर्यंत फोन कपाटात ठेवावे लागत. शेजारच्या दाराला कुलूप. घड्याळात दोन वाजले होते आणि लेक यायची सहाला. बायकोच्या जागी एखादी पेटी असती तर क्रेनने खालून पट्टा घालून एव्हाना ती गाडीत चढवली असती.

"कुशीवर वळ," तो शेवटी म्हणाला. "आता गुडघ्यांवर ये. घाई नको."

"माझीच शिकवणी मला?"

"फी नको देऊस."

ती गुडघ्यांवर आली. समोरच्या स्टुलाला धरून उठू लागली, तर स्टूल फरशीवरून सरकलं. पुन्हा धरलं, पुन्हा सरकलं. क्रेनने पायाने ते भिंतीला लावलं आणि उशी सांभाळत स्वतः त्याच्यावर बसला.

"माझ्या मांड्यांवर हात टेक आणि ऊठ. आता नाही हलत हे."

जन्मभर वजन वाहिलेला माणूस पहिल्यांदाच नुसतं वजन म्हणून कामाला आला. तिने हात टेकले, सगळा भार त्याच्यावर टाकला आणि ती उभी राहिली.

क्रेनला वजन कळायचं. सामानाचा कोपरा अंगाला लागला की आकडा तयार. काट्यावर वेगळा आकडा आला तर काटा दुरुस्तीला टाका म्हणायचा. आताही आकडा त्याच्या तोंडापर्यंत आला, पण तो इतका कमी होता की तिथेच अडकला.

"उठा," ती म्हणाली. "बुटकं आहे ते, पाय नीट मागे घ्या."

"आधी तू जेव. माझ्यासमोर."

"हे काय मध्येच?"

"तू जेवल्याशिवाय मी उठत नाही. उठव बघू मला."

तिने ताटली वाढून घेतली. उभ्यानेच दोन घास खाल्ले. तिसरा बराच वेळ तोंडात फिरत राहिला. मग तिने ताटली ओट्यावर ठेवली.

"जात नाही हो."

"कधीपासून?"

तिने नळ सोडला आणि धुतलेलंच भांडं पुन्हा धुवायला घेतलं.

"तुमचं ऑपरेशन ठरलं, त्याच्या आधीपासून."

"आणि बोलली नाहीस?"

"जिन्यात एका वेळी एकच जड सामान. पहिलं वर पोचल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. तुम्हीच सांगता ना हाताखालच्यांना?"

सांगायचा खरा. हा नियम मोडला म्हणून त्याने दोघांना कामावरून काढलंही होतं.

त्याने पाय मागे घेतले, नाक पुढे आणलं आणि मांड्यांवर जोर दिला. अर्धा उठला आणि परत बसला.

"पहिलं पोचलं गं वर," तो म्हणाला. "जिना रिकामा आहे."

तिने नळ बंद केला.

"मग उठा तरी," ती म्हणाली, आणि मोजू लागली.