बिनदारूची गोळी

शिंपीकाकांना ठासणीच्या बंदुकीचं वेड लागलं आणि घरच्यांचे कान किटले. दुकान बंद केलं की स्वारी मागच्या अंगणात. शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, गोळीवर सुरकुती दिसली की परत भांड्यात टाकायची. मग मेण आणि चरबी पातळ करून गोळीच्या खाचांत बोटाने भरायची. शर्टाच्या कॉलरवर एवढी मेहनत घेतली असती तर गिऱ्हाइकं तरी टिकली असती, हे काका स्वतःच सांगायचे आणि पुन्हा शिसं तापवायला बसायचे.

यंदा क्लबच्या संघात एकच जागा उरली होती. तिच्यासाठी काका आणि त्यांचा मेहुणा, दोघंच. मेहुणा दुकानातल्या आयत्या गोळ्या वापरायचा.

"आयत्या गोळ्यांनी पोरंटोरं खेळतात," काका त्याला टोचायचे.

"होय भावजी," म्हणून तो गालात हसायचा.

निवडीच्या दिवशी पहिली पाळी काकांची. गोळी दोन बोटांत धरून त्यांनी जमलेल्यांना व्याख्यान झोडलं. शिसं किती मऊ, मेण किती, चरबी किती! मग ती गजाने नळीत ठासली, घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी चढवली आणि चाप ओढला. टोपी फट्‌कन वाजली. पुढे काहीच नाही.

"कुणी हलू नका!" पंच ओरडले. "दारू आत धुमसत असेल. बंदूक समोरच रोखून ठेवा. धोका टळेपर्यंत मैदान बंद. वेळेत उरकलं नाही, तर गेल्या वर्षीच्या गुणांवर निवड होईल."

गेल्या वर्षी काका पुढे होते. म्हणजे नुसतं गप्प राहिलं की काम फत्ते. पण त्यांचा हात खिशाकडे गेला. दारूचं माप खिशात तसंच भरलेलं होतं!

"टोपीच खराब असणार, भावजी," मागून मेहुणा म्हणाला. "गोळी झकास होती. मनाला लावून घेऊ नका."

त्याची पाळी हातची चालली होती आणि तो ह्यांनाच धीर देत होता. काकांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"पंच," ते घसा खाकरून म्हणाले, "आत दारूच नाही. बडबडीच्या नादात भरायची राहिली." आणि त्यांनी भरलेलं माप वर धरलं.

पंचांनी गज घालून खात्री केली आणि काकांना बाद केलं. मैदान खदखदून हसलं. काकाही हसले, करतात काय! मेहुण्याने पठ्ठ्याने नेम अचूक मारला. काका मात्र गजाच्या टोकाचा पेच नळीतल्या गोळीत फिरवून फिरवून आपली लाडकी गोळी उपसत घामाघूम झाले.

घरी काकूंनी दारातच विचारलं, "कोण निवडलं गेलं?"

"तुझा भाऊ."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"मी गाढव आहे असं जाहीर केलं. एकमताने मंजूर झालं."

काकांची बंदूक खांद्यावर घेऊन मेहुणा मागून आत आला. "एकमताने नाही, ताई," तो म्हणाला. "मी हात वर केला नव्हता."